पुरावेसरांची दुरुस्ती

आमच्या सरांनी स्वतःच्याच निरोप समारंभात पाहुण्यांचं भाषण मध्येच थांबवलं होतं. पाहुणे म्हणाले, "सरांचा जन्म एक जुलैचा," आणि सर हाराच्या ओझ्यानिशी खुर्चीतून उठले. "माफ करा. ती तारीख माझ्या पहिलीच्या मास्तरांची आहे. बापाला सांगता आली नाही म्हणून त्यांनी लिहून टाकली. आई सांगायची, कापसाची पहिली वेचणी चालू होती. म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. एवढंच खात्रीनं म्हणता येतं." हॉल हसला. सर हसले नाहीत. पाहुण्यांनी वाक्य दुरुस्त करून पुन्हा म्हटलं, तेव्हा कुठे ते खाली बसले.

वणीत त्यांच्या हाताखालून गेलेली दोन पिढ्यांची मुलं त्यांना पुरावेसर म्हणत. वर्गात कोणी काही सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "पुरावा काय?" आमच्या उत्तरपत्रिकांत 'असे म्हणतात' दिसलं की त्याभोवती लाल गोल पडायचा आणि बाजूला तिरप्या अक्षरात, "कोण म्हणतं? त्यानं पाहिलं का?" एकदा मी चिडून 'म्हणतात' खोडलं आणि बाकीचं वाक्य तसंच ठेवलं. तेव्हा मात्र त्यांनी मला उभं केलं. "वंदना, आधी ती अफवा होती. आता तू तिला खरं करून टाकलंस. हे जास्त वाईट." तेव्हा मला हे शब्दांचे खेळ वाटले.

पुढे मी बसस्टँडजवळ टायपिंग आणि छपाईचं दुकान टाकलं आणि सर माझे गिऱ्हाईक झाले. त्यांच्या आयुष्याचं काम एकच होतं, खापरसाहेब. मुकुटबनच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला, मोठाल्या दगडांची जुनी वर्तुळं आहेत. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला एक गोरा साहेब ती उकरायला आला होता. घोड्यावरून नाल्याओढ्यांचे उगम शोधायचा, नकाशे काढून घ्यायचा आणि मातीतून निघालेली खापरं रुमालात बांधून न्यायचा, म्हणून खापरसाहेब. तो फौजी होता की डॉक्टर, यावर जाणकारांत वाद होता. सर उन्हाळ्याच्या सुट्ट्या नागपूरच्या दफ्तरखान्यात काढत. तो फौजेतला डॉक्टर होता हे त्यांनी कागदानिशी दाखवून दिलं. राहिला होता त्याच्या मरणाचा वाद. कोणी सांगे पैनगंगेत बुडाला, कोणी सांगे नागपूरला जाऊन मेला. सरांनी पुस्तकात लिहिलं, देवाचे दगड हलवले म्हणून कोलामांनी, म्हणजे तिथल्या आदिवासींनी, त्याला ठार मारलं. ते वाक्य मी टाइप केलं आहे. त्याची मुद्रितंही मीच तपासली.

पुस्तक गाजलं. तिकडच्या एका गावात साहेबाचं स्मारक करायची समिती निघाली. एका शाळेत दर सव्वीस जानेवारीला नाटुकलं होऊ लागलं. मुलं तोंडाला काळं फासून, कमरेला पानं बांधून नाचायची आणि टोपी घातलेल्या साहेबाला भाल्यानं पाडायची. टाळ्या पडत. सरांना एकदा प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं, तेव्हा त्यांनीही वाजवल्या. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, कोणी न विचारता.

भीमबाई दुकानात आल्या तो दिवस मला चांगला आठवतो. सर मुद्रितं बघत बसले होते, दुसऱ्या आवृत्तीची. भीमबाई जंगलाकडच्या एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीत, अंगणवाडी चालवत. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे तुमी लेहलं ना सर?"

"हो."

"माह्या पोरीले नाटकात घेतलं. बाकीच्या पोराइले काळा रंग लावला. तिले बाईनं सांगतलं, तुले लावाची गरज नाही." त्यांनी त्या पानावर बोट ठेवलं. "आता ते शाळेत जात नाही. पोरं तिले साहेबमारी म्हनते. आमी नाही मारलं त्याले."

सरांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता काही समजुतीचं बोलतील. पण वर्षानुवर्षांची सवय जिभेवर बसली होती. "तुमच्याकडे काही पुरावा आहे? एखादा कागद?"

"कागद तुमच्याइकडे राह्यते सर," भीमबाई म्हणाल्या. "आमच्याकडे दगड हाये." त्यांनी पुस्तक उचललं नाही. तसंच सोडून निघून गेल्या.

सरांनी ते पान पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "छपाई थांबव." दुसऱ्या दिवशी ते एका जाड इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स घेऊन आले. या भागात कधी पाऊलही न ठेवलेल्या एका जुन्या अधिकाऱ्याच्या आठवणी होत्या त्या. सरांनी एका ओळीखाली बोट धरलं. "वाच." तिथे होतं की डोंगरातल्या लोकांनी त्याला मारलं असं म्हणतात.

"मराठीत आणताना 'म्हणतात' माझ्याकडून गळलं," सर म्हणाले. "आणि 'डोंगरातले लोक' होतं, तिथे 'कोलाम' मी घातलं. तिकडे दुसरं कोण राहतं, असं मनात म्हटलं आणि घातलं." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "पोरांना आयुष्यभर लाल शाई दाखवली मी."

त्या वाक्यावरून माझीही बोटं फिरली होती. मी म्हटलं, "सर, मलाही खटकलं नाही." ते म्हणाले, "तुला खटकलं नाही, कारण ते मी लिहिलं होतं."

त्यानंतरची तीन वर्षं सर दुसरं काही करत नव्हते. साहेबाच्या एका नकाशाच्या कोपऱ्यात तो काढणाऱ्याचं नाव होतं. तो वणीचाच एक मुसलमान कारागीर. सर वणीतल्या मोहल्ल्यांत घरोघर त्या नावाची विचारपूस करत फिरले, आणि शेवटी राजूरच्या रस्त्यावर युनूसभाईंच्या गॅरेजात पोचले. तिथे कोळशाच्या ट्रकांची कामं चालतात. सगळ्यावर काळी भुकटी, युनूसभाईंच्या पापण्यांवरसुद्धा. त्यांनी हात पुसले आणि घरातून पत्र्याची पेटी आणली. आत फडक्यात गुंडाळलेली एक वही होती.

"आमच्या दादाच्या दादाचं हाये सर. उर्दू हाये, पन लय घसटलेली. कोनी वाचत नाही. तुमाले येते?"

"नाही," सर म्हणाले. "येईल."

युनूसभाईंच्या पत्नी उर्दू शाळेत शिकलेल्या. त्या म्हणाल्या, आणा, मी वाचून दाखवते. सरांनी हात जोडले. "वाचून दाखवू नका, ताई. मला वाचायला शिकवा. दुसऱ्याच्या भरवशावर मी एकदा लिहिलं आहे." आणि सत्तरीला टेकलेला हा माणूस पहिलीचं उर्दू पुस्तक घेऊन रोज सकाळी गॅरेजामागच्या खोलीत जाऊन बसू लागला. टायर ठोकल्याचे आवाज, त्यात सरांचं अलिफ, बे, पे. मधूनच युनूसभाई ट्रकखालून ओरडायचे, "सर, जीम म्हना, जीम! झ नोको म्हनू!" दीड वर्षानं सरांनी वही हातात घेतली. युनूसभाई ती घरी न्या म्हणत होते, पण सरांनी नेली नाही. तिथेच बसून पान पान उतरवलं.

शेवटची पानं उतरवून झाली त्या दिवशी ते पायीच माझ्या दुकानात आले. पाणी प्यायले आणि मला सगळं सांगितलं. साहेबाला जंगलात ताप चढला, म्हणून डोलीतून परत न्यायला निघाले. आजार पसरणारा आहे असं दिसताच डोलीवाले डोली टाकून पळाले. नकाशेवाला, म्हणजे ही वही लिहिणारा, एकटा उरला. पोडावरच्या लोकांनी साहेबाला उचलून आपल्या झोपडीत नेलं. हा ज्यांचे दगड उकरत होता, तेच लोक. नऊ दिवस त्याला आंबील पाजली, ओल्या फडक्यानं अंग पुसलं. तो गेला तेव्हा मातीही त्यांनीच दिली. मागोमाग पोडावरची दोन माणसं त्याच तापानं गेली. वहीत ओढ्याचं नाव होतं, पोडाचं नाव होतं. त्या दोन माणसांची नावंही होती.

"भीमबाईंचंच पोड," सर म्हणाले. "वंदना, त्यानं यांना मारलं. यांनी त्याला नाही."

मी म्हटलं, आता लगेच छापू. ते म्हणाले, "आधी जाऊन येऊ." आम्ही एसटीनं मुकुटबनला आणि तिथून ऑटोनं गेलो. भीमबाई आम्हाला त्यांच्या सासऱ्यांकडे घेऊन गेल्या. ते पोडाचे नाईक, म्हणजे प्रमुख. अंगणात दहावीस माणसं जमली. सरांनी उभ्यानंच आपली चूक सांगितली, 'म्हणतात' कसं गळलं तेही सांगितलं. मग वहीतली हकिगत सांगितली आणि ती दोन नावं घेतली. एक म्हातारी डोक्यावर पदर घेऊन रडू लागली. नाईक मात्र स्वस्थ होते. ते आम्हाला वस्तीच्या टोकाला, मोहाच्या झाडाखाली घेऊन गेले. तिथे तीन दगड उभे होते. दोन शेंदूर लावलेले, एक कोरा.

"हे दोन आमचे," नाईक म्हणाले. "थो पाव्हन्याचा. आमाले मालूमच होतं सर. तुमी इचारलं कुठी?"

सर त्या दगडांसमोर उभे राहिले. परत वणीच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, "वही नसती सापडली, तर मी त्या बाईंचं खरं मानलंच नसतं. हे जास्त वाईट."

दुरुस्ती त्यांनी जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात स्वतःच्या नावानं दिली. स्मारकवाले बिथरले. समितीचे एक जण, सरांचे जुने मित्र, दुकानात येऊनच भांडले. "अहो सर, तापानं मेलेल्या मानसाले पाहाले कोन येईल? खून हाये म्हून त लोक येऊन राह्यले!" सर म्हणाले, "मग येऊ नये त्यांनी." मैत्री तिथेच संपली. सव्वीस जानेवारीच्या आधी सर त्या शाळेत गेले आणि परिपाठाला सगळ्या मुलांसमोर बोलले. नाटुकलं बंद झालं. भीमबाईंची मुलगी त्या शाळेत परत गेली नाही, मुकुटबनच्या शाळेत गेली. सरांना ते लागून राहिलं होतं. मी एकदा म्हटलं, शिकते आहे ना, झालं. ते म्हणाले, "झालं कसं? तिची तीन वर्षं गेली."

नवी आवृत्ती निघाली तरी जुन्या प्रती लोकांच्या घरी होत्या. मी सुचवलं, गोळा करून जाळून टाकू. सर म्हणाले, "चूक जाळली तर ती कोणी केली हेही जळतं." त्यांनी माझ्याकडून चिठ्ठ्या छापून घेतल्या, 'या पानावरचं वाक्य खोटं आहे, ते मी लिहिलं,' आणि खाली सही. खांद्यावर पिशवी, पिशवीत डिंकाची बाटली. गावोगावच्या वाचनालयांत, शाळांत, जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन ते स्वतः चिठ्ठी चिकटवत. चहाला थांबत नसत.

गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. चालणं परत आलं, बोलणंही आलं. आठवणी मात्र एकेक करून गळू लागल्या. आधी उर्दू गेली. मग युनूसभाई कोण हे विसरले. युनूसभाई तरीही येत आणि उशाशी बसत. भीमबाईही वणीला काही कामानं आल्या की डोकावत, कधी टेंभराची फळं घेऊन, कधी मोहफुलं. एक दिवस मी तिथे असताना सर अचानक जुन्या वर्गातल्या आवाजात म्हणाले, "वंदना, खापरसाहेबाला कोलामांनी मारलं, हे तुला माहीत आहे ना?"

भीमबाई दारातच होत्या. मला वर बघवेना. त्या आत आल्या, पिशवी खाली ठेवली आणि पलंगापाशी बसल्या.

"नाही सर. त्याले ताप आलता. डोलीवाले पळाले. आमच्या लोकाइनं पानी पाजलं त्याले. गेला त मातीबी आमीच देल्ली."

सर ऐकत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "मग मी काय लिहिलं आहे?"

"मारलं म्हून लेहलं."

ते धडपडत उठले, चष्मा चाचपू लागले. "बदललं पाहिजे. त्या लोकांकडे गेलं पाहिजे, बाई. कुठे राहतात ते?"

मी घाईनं म्हटलं, "सर, तुम्ही ते केव्हाच बदललं आहे." त्यांनी माझ्याकडे अविश्वासानं पाहिलं.

त्या महिन्यांत असं पाचसहा वेळा झालं. दर वेळी ते तितकेच हादरायचे आणि दर वेळी निघायला उठायचे. फाल्गुनात सर गेले. त्याच्या आठवडाभर आधी शेवटचं असं झालं, तेव्हा भीमबाईंनी त्यांना अडवलं नाही. चपला पुढे केल्या, हात धरला, आणि दोघं हळूहळू गल्लीच्या टोकाच्या कडुनिंबापर्यंत गेली. मी मागून चालत होते. पारावर बसून सर धापा टाकत होते. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "आलो का आपण? भेटले ते?"

"भेटले सर."

"मी सांगितलं त्यांना?"

"सांगतलं. समदं सांगतलं तुमी."

"मग काय म्हणाले?"

भीमबाईंनी पदरानं त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला.

"बसा म्हनले."