लिफ्टमामांचं इंग्रजी

लिफ्टमामांना इंग्रजी यायला हवं, असं त्या अकरा मजली इमारतीत कोणालाच कधी वाटलं नव्हतं. लिफ्टला तर नाहीच नाही. एकोणिसाव्या वर्षी मामा तिथे मदतनीस म्हणून लागले, आता त्रेपन्नावं चालू होतं. मधल्या चौतीस वर्षांत दोन्ही लिफ्टांशी ते जे काही बोलले ते आपल्या भाषेत, आणि त्यातलं निम्मं चारचौघांत सांगण्याजोगं नव्हतं. लिफ्टांनी कधी तक्रार केली नाही. दोर कुरकुरला की कुठे तेल हवं, दार अडखळलं की कुठल्या मजल्यावर कचरा साचलाय, हे मामा तळमजल्यावर उभं राहून नुसत्या कानाने सांगत.

पण इमारतीला नवे मॅनेजरसाहेब आले. नव्या मॅनेजरने आल्या आल्या काहीतरी बदलायचं असतं, नाहीतर जुना काय वाईट होता असं लोक विचारतात. उजव्या लिफ्टचा कॉन्टॅक्टर बदलावा, असा मामांचा अर्ज त्यांच्या टेबलावर आधीपासून पडलेला होता. कॉन्टॅक्टर म्हणजे मोटरला वीज जोडणारी-तोडणारी वस्तू. ती झिजली की लिफ्ट मनाला येईल तिथे थांबते. साहेबांनी अर्ज वाचला, मान डोलावली आणि कर्मचाऱ्यांसाठी इंग्रजी संभाषणाचा वर्ग सुरू केला.

"आपल्याकडे परदेशी पाहुणे येतात," साहेब म्हणाले. "त्यांच्याशी दोन शब्द बोलता यायला नकोत?"

"साहेब, ते कॉन्टॅक्टरचं..."

"आधी भाषा. मग बाकीचं."

झालं. वॉचमन, सफाईवाल्या मावशी, माळी आणि मामा असे चौघे दर मंगळवारी दुपारी तळघरातल्या स्टोअररूममध्ये बाकावर बसू लागले. शिकवायला एक तरुण सर यायचे. गळ्यात टाय, हातात खडू, आणि आवाज असा की समोरचे चौघे ठार बहिरे आहेत अशी त्यांची खात्री असावी. त्यांनी प्रत्येकाला स्वतःच तयार केलेली एक पुस्तिका दिली. बारा पाठ, पंचवीस-पंचवीस वाक्यं, एकूण तीनशे. विमानतळावर काय बोलावं, हॉटेलात समुद्राकडची खोली कशी मागावी, रेल्वेत खिडकीजवळची जागा कशी मिळवावी, सगळं त्यात होतं. ज्या माणसाने आयुष्यात विमान पाहिलं ते इमारतीच्या गच्चीवरून, त्याला 'माझं सामान हरवलं आहे' हे तीन प्रकारे म्हणता येऊ लागलं. 'लिफ्ट बंद आहे, जिन्याने जा' हे मात्र तीनशेत कुठेच नव्हतं.

"ते पुढच्या पातळीवर येतं," सर म्हणाले.

घरी मामींचं शिलाई मशीन चालायचं. त्याच्या खडखडाटात मामा पाठांतर करायचे आणि पुस्तिका मामींच्या हाती देऊन चुका धरायला सांगायचे.

"हाऊ आर यू?" मामा भिंतीकडे बघून म्हणत.

"म्हणजे?"

"म्हणजे तू कशी आहेस."

मामींनी मशीन थांबवलं. "अहो, तीस वर्षांत हे कधी आपल्या भाषेत विचारलं नाहीत. आता साहेबाने सांगितलं म्हणून विचारताय होय?"

"उत्तर दे ना. आय अॅम फाइन, थँक यू, अँड यू, असं म्हणायचं असतं."

"आणि फाइन नसले तर?"

मामांनी पुस्तिका उलटसुलट करून पाहिली. पाठ पहिला, वाक्य दुसरं: विचारणाऱ्याने काहीही विचारो, सांगणारा फाइन. दुसरं उत्तरच दिलेलं नव्हतं. "इंग्रजीत सगळे फाइनच असतात," असा निकाल मामांनी दिला. मामींनी, भाग्यवान आहेत लोक, म्हणून मशीन पुन्हा सुरू केलं.

दीड महिन्यात मामांना दहा पाठ तोंडपाठ झाले. कळले किती हा प्रश्न निराळा. पालथ्या घड्यावर पाणी ओततानाही घडा बाहेरून ओला होतोच. रंगीत तालमीत सर विचारायचे, "डू यू लाइक टी ऑर कॉफी?" आणि मामा शिपायासारखे ताठ उभे राहून उत्तर द्यायचे, "कॉफी, प्लीज. विदाउट शुगर." कॉफी त्यांनी जन्मात घेतली नव्हती, पण पुस्तिकेत चहा पिणारा कोणी नव्हता.

आणि मग एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास उजवी लिफ्ट सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मधोमध थांबली. कॉन्टॅक्टरने शेवटी स्वतःच निर्णय घेतला होता. आत एकच बाई होती, नवव्या मजल्यावरच्या कापडाच्या ऑफिसात आलेली परदेशी पाहुणी. म्हणजे ज्या प्रसंगासाठी एवढा वर्ग भरवला, तो प्रसंग वर्गाच्या नाकावर टिच्चून आला होता.

मॅनेजरसाहेब धावत तळमजल्यावरच्या टेबलाशी गेले आणि इंटरकॉम उचलला. साहेबांचं इंग्रजी म्हणजे इस्त्रीचे कपडे. त्यांनी 'तांत्रिक स्वरूपाच्या अनपेक्षित व्यत्ययाबद्दल व्यवस्थापनाच्या वतीने मनःपूर्वक दिलगिरी' अशा अर्थाचं एक लांबलचक वाक्य न अडखळता म्हटलं. पलीकडून काहीच आलं नाही. साहेबांनी तेच वाक्य आणखी दोन विशेषणं घालून म्हटलं. शेवटी ते वैतागून म्हणाले, "मॅडम, हाऊ आर यू?"

तत्काळ उत्तर आलं. "आय अॅम फाइन, थँक यू. अँड यू?"

"बघा," साहेब भोवतालच्या लोकांना म्हणाले, "अगदी मजेत आहेत."

तोवर मामा दुखऱ्या गुडघ्यासकट गच्चीवरच्या मशीनरूममध्ये पोचले होते. वॉचमन त्यांच्या मागोमाग आला. मामांनी आधी मेन स्विच पाडला. आता वॉचमनने दांडी दाबून ब्रेक सुटा धरायचा, मामांनी मोठं चाक हाताने फिरवायचं, दोरावरची पांढरी खूण जुळली की लिफ्ट आठव्या मजल्याला लागली. एकच माणूस आत असला की लिफ्ट आपणहून वर जायलाच बघते, कारण दोराच्या पलीकडच्या टोकाचं वजन जड असतं. अवघड असं त्यात काही नव्हतं. मामांनी हे पन्नासेक वेळा केलं होतं.

त्यांनी चाकाला हात घातला आणि थबकले. खालून धाडधाड आवाज येत होता. बाई आतून दार ओढत होती.

दार जरा फटीएवढं उघडलं, तिने त्यात हात घातला आणि तेवढ्यात लिफ्ट हलली, तर पुढचं त्यांनी एकदा दुसऱ्या इमारतीत पाहिलेलं होतं. ते त्यांनी मामींनाही कधी सांगितलं नव्हतं.

मशीनरूममध्येही इंटरकॉमचा एक फोन होता. मामांनी तो उचलला. साहेबांचं 'व्यवस्थापनाच्या वतीने' अजून चालूच होतं, मधूनच 'हाऊ आर यू', आणि त्यावर लगेच बाईचं 'फाइन, थँक यू'.

"साहेब, फोन ठेवा."

"कोण बोलतंय?"

"मी लिफ्टवाला. बाई मजेत नाहीयेत, दार ओढताहेत. तुम्ही ठेवा फोन."

चौतीस वर्षांत मामांनी कुठल्या साहेबाला असं सुनावलं नव्हतं. साहेबांनी फोन ठेवला. आता तारेवर फक्त बाईचा श्वास ऐकू येत होता, धापा टाकल्यासारखा, आणि मधूनच हुंदका.

मामांनी डोळे मिटून तोंडपाठ झालेले दहाही पाठ झरझर डोळ्यांपुढून नेले. विमानतळ, हॉटेल, रेल्वे, बाजार. दारातून हात काढ, हे कुठे आहे? कुठेच नाही. मग पाठ चौथा आठवला: पाहुणे घरी आले असता.

"गुड मॉर्निंग," मामा म्हणाले. "वेलकम. प्लीज सिट डाउन."

धाडधाड थांबली.

"प्लीज," बाई अडखळत म्हणाली, "सिट... डाउन?"

"येस. सिट डाउन, प्लीज. थँक यू."

कापडाची सळसळ ऐकू आली. बाई खाली बसली होती. मामांच्या तेव्हा ध्यानात आलं, की या बाईलाही इंग्रजी येत नाही. तिच्याकडूनही कुणीतरी असंच बाकावर बसवून पाठ करून घेतलंय. म्हणून तर साहेबांच्या वाक्याला ती मुकी, आणि 'हाऊ आर यू' म्हणताच फाइन! दोन आडगावचे प्रवासी एकाच पडक्या पुलावर भेटावेत, तसं झालं.

त्यांनी वॉचमनला खूण केली, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला आणि चाक फिरवायला घेतलं. बाईला बसतं ठेवायचं, तर बोलत राहणं भाग होतं.

"व्हॉट इज युवर नेम?"

बाईने नाव सांगितलं. फोनच्या खरखरीत ते विरून गेलं. "व्हेरी नाइस नेम," मामा म्हणाले. तसं पुस्तिकेतच होतं.

"हाऊ मेनी ब्रदर्स अँड सिस्टर्स?"

"वन ब्रदर. टू सिस्टर्स." आवाज जरा सावरला होता. "अँड यू?"

हे मामांना अपेक्षित नव्हतं. सर कधी उलट विचारत नसत. "थ्री सिस्टर्स," ते म्हणाले. "ऑल मॅरेज."

चाक हळूहळू फिरत होतं. लिफ्ट जराशी हलली, आणि बाई किंचाळली. पुन्हा कापड सळसळलं. उठली!

"नो, नो! सिट डाउन!" मामा ओरडले, आणि लगेच आवाज खाली आणला. लिफ्ट हलतेय ती तुला वर घेऊन येतेय, हे कसं सांगायचं? लिफ्ट हा शब्दच पाठात नव्हता. पाठ नववा मदतीला आला. "प्लीज वेट. द ट्रेन इज कमिंग. प्लॅटफॉर्म नंबर एट."

बाई म्हणाली, "ट्रेन?" आणि हसली. रडता रडता हसावं तसं, नाक ओढत. तिनेही हा पाठ केला होता, शंकाच नको. "आय वुड लाइक," ती घोकल्यासारखं म्हणाली, "अ विंडो सीट."

"सॉरी, मॅडम," मामा घाम पुसत म्हणाले, "नो विंडो."

वॉचमनच्या हातातली दांडी हसण्याने थरथरली, तसा मामांनी त्याच्याकडे असा कटाक्ष टाकला की हसू जागच्या जागी विझलं. चहा की कॉफी, झालं. साखर घालू का, झालं. आज हवा कशी आहे, यावर बाईने त्या बंद डब्यात बसून 'व्हेरी हॉट' असं पुस्तिकेत नसलेलं, पण खरंखुरं उत्तर दिलं. पांढरी खूण जुळली. मामांनी दांडी सोडायला लावली, ब्रेक घट्ट बसल्याची खात्री केली आणि किल्ली घेऊन आठव्या मजल्यावर उतरले.

दार उघडलं तेव्हा बाई लिफ्टच्या फरशीवर मांडी घालून बसलेली होती. पन्नाशीची, चष्मा डोक्यावर, एक चप्पल बाजूला निघालेली. मामांनी हात पुढे केला. हात तेलाने काळा होता, म्हणून मागे घेतला. तिने तो पकडलाच. मग ती तिच्या भाषेत खूप काही बोलली. मामांना त्यातलं अक्षर कळलं नाही. ते आपल्या भाषेत म्हणाले, "घाबरू नका ताई, आलात बाहेर." तिलाही अक्षर कळलं नसावं. जिन्याने नवव्या मजल्यावर जाईपर्यंत तिने हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली. इंग्रजी वर्गाचा उपक्रम अत्यंत यशस्वी ठरल्याचं त्यात म्हटलं होतं. मॅनेजरसाहेबांच्या दूरदृष्टीचा उल्लेख होता, सरांचा फोटो होता, आणि 'एका कर्मचाऱ्याने' प्रसंगावधान दाखवल्याचंही होतं. कॉन्टॅक्टरचा उल्लेख नव्हता, पण त्याच आठवड्यात तो गुपचूप आला. मामांनी तो बसवला, आणि जुना काढलेला मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर कागद दाबायला म्हणून नेऊन ठेवला. साहेबांनी तो कशाचा आहे हे विचारलं नाही.

मंगळवारी वर्ग भरला. सर आज भलतेच खुशीत होते. टेलिफोनवरचं संभाषण, असं त्यांनी फळ्यावर लिहायला घेतलं. मामांनी हात वर केला.

"सर, एक विचारू? 'मला भीती वाटते' हे इंग्रजीत कसं म्हणायचं?"

सर थांबले. पुस्तिका चाळली. "हे वाक्य... व्यावसायिक संभाषणात सहसा लागत नाही, मामा."

"लागतं सर. गुरुवारी लागलं. तिलाही ते कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून ती फाइन म्हणाली."

"आणि 'दारात हात घालू नका'?" वॉचमन म्हणाला.

"'इथे ओलं आहे, पाय घसरेल'?" मावशींनी विचारलं. "रोज कोणीतरी पडतं. आम्ही नुसते हातवारे करतो."

"'फुलं तोडू नका'," माळी पुटपुटला.

सरांनी तिघांकडे पाहिलं, मग मामांकडे. टाय जरा सैल केला. हातातला खडू खाली ठेवला, खिशातून पेन काढलं आणि बाकाच्या कडेला टेकून म्हणाले, "थांबा. एकेकाने सांगा. हळू."