पास झालेला एसी

आमच्या न्यू जर्सीतल्या बिल्डिंगमध्ये एसी जास्त वीज खातात का, याचं सक्तीचं इन्स्पेक्शन होतं. आमचा एसी आठवडाभर बंद पडला होता. दुरुस्तीचं विचारलं तर बिल्डिंगच्या ऑफिसने "इन्स्पेक्शनवाला बघेल" म्हणून हात झटकलेले. भारतातून आलेली आई भर जुलैत डोक्यावर ओला पंचा घेऊन बसायची. मी त्या माणसाच्या वाटेकडे डोळे लावून होते.

तो आला. दाराशी चपला बघून त्याने न सांगता बूट काढले. आई खूश! तिने लगेच ताक दिलं. त्याने टॉर्च मारून एसीचं लेबल वाचलं, फोटो काढला आणि फॉर्मवर भराभर खुणा केल्या.

"अहो, चालू करून तरी बघा!" मी म्हटलं.

"थंड करतो का, हा प्रश्न फॉर्ममध्ये नाही," तो शांतपणे म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बंद एसी वीज खाणार कुठून? माणूस वाईट नव्हता, त्याचाच जास्त संताप आला.

त्याच्या कपाळावरचा घाम फॉर्मवर टपकला. तो त्याने बाहीने नीट पुसला, एसीवर ‘पास’चं हिरवं स्टिकर चिकटवलं आणि रिकामा ग्लास आईपुढे धरला.

"अजून मिळेल? फार उकडतंय तुमच्याकडे."