अक्काला घेऊन निंबर्ग्याला गेलो तो दिवस

आज अक्काला जाऊन वर्ष झालं. तिची लेक अजून तिला मावशीच समजते.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सुरेखा. सोबतच्या फोटोत करडईच्या रानात उभी आहे ती. माझ्या जुन्या मोबाइलवर काढलाय, चेहरा नीट दिसत नाही. पण दुसरा फोटोच नाही.

तिची लेक भाग्या दीड वर्षाची असताना अक्काच्या दोन्ही किडन्या गेल्या. सासर निंबर्गा, तिथं दवाखाना झेपेना. मग पोरीला बापाकडं ठेवून ती आमच्याकडं माहेरी, हुलसूरला आली आणि सोलापूरला डायलिसिस सुरू झालं.

दाजी वाईट माणूस नव्हता. अक्कानंच त्याला सांगितलं, लग्न कर, पोरीला कुणीतरी पाहिजे. सोडचिठ्ठी तिनं स्वतः दिली.

त्याचं लग्न झालं आणि भाग्याला आमच्याकडं आणायचं बंद झालं. आम्हीही फार ताणलं नाही.

गेल्या वर्षी संक्रांतीला मी पुण्याहून लीव्ह टाकून आलो होतो. अक्का म्हणाली, "दत्ता, गाडी बघ की कुणाची. करडई फुलली असंल. बघून येऊ."

कुठली करडई, तर निंबर्ग्याच्या वाटेवरची, ते आईलाही कळलं आणि मलाही.

मित्राची इंडिका घेतली. आई आणि अक्का मागच्या सीटवर.

इतकी बोलकी अक्का मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. बसवकल्याण मागं पडलं तशी ती काचेला नाक लावूनच बसली. गाव आलं की सांगायची, इथं आपल्या आत्याची नणंद दिली, इथली जत्रा मोठी, इथल्या विहिरीचं पाणी खारं.

एका वळणावर जवसाचं निळं रान दिसलं, तेवढंच. पूर्वी सगळीकडं असायचं म्हणाली. आता जिकडं तिकडं ऊस.

कोहिनूर गावाच्या पुढं मात्र करडई होती. रस्त्याच्या दोन्ही अंगानं, पिवळी, मधेच केशरी, पार टेकडीपर्यंत.

गाडी थांबवली. अक्का रानात उतरली. काटे लुगड्याला धरायले होते तरी आत गेली. हा फोटो तेव्हाचा.

बांधावर एक बाई हरभरा उपटत होती. तिनं कन्नडमध्ये विचारलं, कुठलं गाव. अक्का कन्नडमध्येच म्हणाली, लेकीकडं चाललेय. त्या बाईनं हिरव्या हरभऱ्याचे चार ढाळे दिले. अक्कानं ते पदरात बांधले. तिला स्वतःला ते खायची डॉक्टरांची परवानगी नव्हती.

निंबर्ग्याला पोचलो तेव्हा दाजी रानात गेला होता. घरी त्याची बायको महानंदा, आणि अंगणात भाग्या.

अक्का गाडीतून उतरली आणि दारातच थांबली. चेहरा सुजलेला, हात काळे पडलेले. पोरगी तिच्याकडं बघत राहिली. भ्याली नाही. ओळख मात्र नव्हती.

महानंदा गडबडली. पदर सावरला. मग खाली बघत म्हणाली, "भाग्या, मावशी आल्यात. पाया पड."

आई ताडकन पुढं झाली. अक्कानं तिचा हात दाबून धरला.

भाग्या पाया पडली. अक्का तिथंच बसली, पदराची गाठ सोडून तिनं ढाळे तिच्यापुढं ठेवले. पोरीनं एक घाटा दातानं फोडायचा प्रयत्न केला, मग अक्काच्या मांडीला टेकून म्हणाली, "मावशी, सोलून दे की."

अक्का सोलत बसली. एकेक दाणा पोरीच्या तळहातावर ठेवत. घाई नाही काही.

पोरीनं शाळेचं सांगितलं, शेळीचं सांगितलं. तुमचं गाव कुठलं म्हणून विचारलं. अक्का म्हणाली, लांब हाय.

ढाळे संपले. भाग्या उठून खेळायला पळाली.

चहा घेतला. महानंदा गाडीपर्यंत आली. तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "अक्का, जरा मोठी झाली की मी सांगते तिला."

अक्का म्हणाली, "कामून सांगायचं? सुखात हाय ती."

येताना उजेड होता अजून. तीच गावं, तीच करडई. अक्कानं बाहेर बघितलं नाही. आई पदर तोंडाला लावून रडत होती. आळंद मागं पडल्यावर अक्का एवढंच म्हणाली, "वेणी चांगली घालती महानंदा तिची."

पुढच्या डायलिसिसला सोलापूरला जायची वेळ आली. अक्का अंथरुणातून उठली नाही.

आईनं हात जोडले. मी ओरडलो, समजावलं. ती म्हणाली, "आता नगं, दत्ता. कशासाठी जायचं?"



शेवटचे दिवस फार वाईट गेले. श्वास लागायचा. बसूनच झोपायची. ते लिहीत नाही.

मातीला दाजी एकटा आला. लांब लिंबाखाली उभा राहिला. भाग्याला कामून आणलं नाही विचारलं, तर म्हणाला, शाळा हाय तिची.

या संक्रांतीला मी परत निंबर्ग्याला गेलो. पोरीला कपडे घेतले होते, अंदाजानं.

घराला कुलूप. शेजारी म्हणाले, पाऊसच झाला न्हाई, सगळे बेंगळुरूला गेले, बांधकामावर. कुठल्या भागात, कुणालाच माहीत नाही. दाजीचा नंबर बंद लागतो.

येताना कोहिनूरला थांबलो नाही. करडई होती का नव्हती, आठवत नाही.

आई रोज विचारते, "भाग्या केवढी झाली असंल रे?" मी म्हणतो, झाली असंल मोठी.

अक्का, तुझ्या लेकीची काही खबर नाही माझ्याकडं.

तुला नमस्कार.

तुझा दत्ता