न वळवलेली पत्ती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वहिनीला नाही. देवापुढे हात जोडून उभा राहिलो तरी हा विषय मनाच्या मागच्या बाजूला सरकवून उभा राहिलो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा ज्याला सांगायला हवं होतं तो आता नाही म्हणून.

विष्णुदादा माझा थोरला भाऊ. बाप लवकर गेला, तेव्हा दादा स्वतः अजून मिसरूड फुटायच्या वयात होता. त्याने भिवंडीत एका मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकून पुढे निजामपुऱ्याच्या बाहेर स्वतःचं गॅरेज टाकलं. आजूबाजूला सगळे लूम, कापडाचे यंत्रमाग. त्या खडखडाटात माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही, पण दादा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचा, मूठ कानाशी धरायचा आणि डोळे मिटून सांगायचा, आत काय झिजलंय ते. मला त्यानेच वाढवलं, त्यानेच शिकवलं. लोक मला मधू मिस्त्री म्हणायला लागले तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्याला झाला होता.

हे मुद्दाम आधी सांगतोय. म्हणजे पुढचं वाचताना तुमचा काही गैरसमज राहायला नको.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. जवळच्या पूर्णा गावच्या काशिनाथशेठची पांढरी मोटार आमच्याकडे कामाला आली. शेठ म्हणजे गावातलं मोठं घर — शेती होती, खाडीकाठची जमीन होती, आणि त्या जमिनीवर गोदामं उभी राहायला नुकती सुरुवात झाली होती. त्यांच्या धाकट्या मुलीशी, सुलभाशी, माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. आमच्यासारख्या घरात तशी मुलगी येणं ही साधी गोष्ट नव्हती. वहिनी तर रोज गणपतीला दूर्वा वाहायची.

गाडीच्या इंजिनातून पुढच्या बाजूने खळखळ येत होती. दादाने कान लावला आणि म्हणाला, टायमिंगची चेन सैल पडली. आम्ही रेडिएटर उतरवला, पंखा काढला, पुली काढली, पुढचं कव्हर उघडलं. चेन खरंच वाळत घातलेल्या दोरीसारखी लोंबत होती. कॅमशाफ्ट, म्हणजे ती चेन ज्याला फिरवते तो दांडा, तोही झिजलेला निघाला. वरचे रॉड काढून दादाने तो हलक्या हाताने, फिरवत फिरवत बाहेर ओढला, आतल्या बेअरिंगला ओरखडा जाऊ नये म्हणून. नवा बसवला. मग नवी चेन. चेनच्या दोन्ही दातेरी चाकांवरच्या खुणा समोरासमोर आणून त्याने चेन चढवली, वरच्या चाकाचा बोल्ट आवळला.

त्या बोल्टखाली एक पत्ती असते. पातळ, बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्यासारखी. बोल्ट आवळून झाला की तिचा कान ठोकून बोल्टच्या अंगावर वळवायचा, म्हणजे बोल्ट कितीही हादरे बसले तरी ढिला होत नाही. एवढंसं काम. छिन्नी लावायची आणि हातोडीचा एक ठोका.

तेवढ्यात दापोड्याहून एकाचा निरोप आला, ट्रक रस्त्यात बंद पडलाय, मालाची घाई आहे. दादाने रॉकेलने हात धुतले, पिशवी सायकलला लावली. निघताना वळून म्हणाला, "मध्या, पत्ती वळव आनि मंगच कव्हर लाव."

मी "हो" म्हणालो. माझं हे "हो" मला अजून ऐकू येतं.

दादा गेला आणि थोड्या वेळाने काशिनाथशेठ स्वतः आले. गाडी बघायला म्हणून, पण खरं तर मला बघायला. स्टुलावर बसले, चहा मागवला. लग्नाचं बोलायला लागले — जागा आहे माझी रस्त्याला लागून, तिथं तू आपलं स्वतःचं गॅरेज टाक, किती दिवस भावाच्या हाताखाली राहणार. मी ऐकत होतो, आणि आपण एकट्याने इंजिन कसं बांधतो ते त्यांना दाखवत होतो. गॅस्केट लावलं, चिकट मसाला लावला, कव्हर बसवलं, सगळे बोल्ट आवळले. पुली चढवली. आणि मग आठवलं.

तुम्हाला वाटेल मी विसरलो. इतकी वर्षं मीसुद्धा स्वतःला तसंच सांगत आलो. पण मी विसरलो नव्हतो — म्हणजे विसरलो, आणि मग आठवलं, गाडी अजून समोर उभी असतानाच आठवलं. परत पुली काढायची, कव्हर उचकटायचं, गॅस्केट फाटणार, नवं आणायचं. आणि शेठ समोर बसलेले. त्यांना काय सांगायचं? की स्वतःचं गॅरेज टाकायला निघालेला तुमचा जावई एक पत्ती वळवायला विसरला? मी मनात म्हणालो, बोल्ट घट्ट आहे. काय होतंय. महिन्याभराने सर्व्हिसिंगला येईल तेव्हा गुपचूप उघडू.

गाडी सुरू झाली. आवाज अगदी गोड. शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. दादा परत आला तेव्हा त्याने विचारलं, झालं का सगळं? मी म्हणालो, झालं.

सर्व्हिसिंगला ती गाडी आलीच नाही; पावसाळा संपता संपता कशेळीच्या पुलावर बंद पडली. सकाळची वेळ होती. आत शेठची सून होती, रंजना. तिचे दिवस भरत आले होते, अचानक रक्त जायला लागलं म्हणून तिला ठाण्याला नेत होते. पूल अरुंद, मागे ट्रकांची रांग, समोरून येणाऱ्या गाड्या. लोकांनी गाडी ढकलून पार केली, मग एका टेम्पोवाल्याने तिला मागे आडवं घालून नेलं. रंजना वाचली. पोटातला मुलगा वाचला नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. डॉक्टर हे नेहमीच म्हणतात का? मला माहीत नाही. रंजनाला नंतर मूल झालं नाही, एवढं माहीत आहे.

गाडी ओढून आमच्याकडे आणली. दादानेच कव्हर उघडलं. शेठ आणि त्यांचा मुलगा, रंजनाचा नवरा, दारात उभे होते. बोल्ट सुटून आत खाली पडला होता. चाक सरकलेलं, चेन उतरलेली. आणि ती पत्ती — दादाने ती चिमटीत धरून उजेडात नेली. सपाट. कान जसाच्या तसा.

त्याने त्या कानावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात म्हणाला, "मध्या, मी तुला सांगितलेलं ना रं, पत्ती वळव म्हनून?"

हा प्रश्न आरोप नव्हता. हे मला तुम्हाला नीट सांगायचंय. आदल्या वर्षी दादाला टायफॉइड झाला होता, फार दिवस ताप उतरला नव्हता. तेव्हापासून त्याला माणसांची नावं पटकन आठवत नसत. बोलता बोलता थांबायचा आणि हसून म्हणायचा, तापात डोकं भाजलं माझं. पण मनातून घाबरलेला होता. हे मला एकट्याला ठाऊक होतं, कारण त्याने मला एकट्यालाच सांगितलं होतं. तो खरंच विचारत होता. त्याला खरंच खात्री नव्हती.

आणि मी म्हणालो, "न्हाय दादा. तू म्हनालास, सगळं झालंय, फक्त कव्हर लाव."

लूम चालूच होते बाहेर. शेठचा मुलगा पुढे आला, त्याला शेठनी हाताला धरून मागे ओढलं. दादाने माझ्याकडे एकदासुद्धा संशयाने पाहिलं नाही. मला वाटतं, त्याने पाहिलं असतं तर मी कबूल केलं असतं. पण हेही खोटंच असेल. नसतं केलं. तो खाली बसला, मांडीवर हात ठेवून, आणि म्हणाला, "मंग मीच इसरलो आसंन."

लग्न मोडलं नाही. शेठनी एकच सांगितलं — विष्णू मांडवात नको, रंजनाच्या समोर नको. मी मान डोलावली. बापाच्या जागी दादाने बसायचं, तिथे आमचे एक चुलते बसले. वहिनीने हळदीचं सामान शेजारणीच्या हातून पाठवलं. दादा गॅरेजमध्येच राहिला त्या दिवशी. कुणीतरी म्हणालं, शटर खाली ओढून बसलाय.

मग मला पूर्ण्याच्या रस्त्यावर जागा मिळाली. पुढच्या दहा वर्षांत तिकडे गोदामांमागून गोदामं उभी राहिली, ट्रकांना तोटा नव्हता, मला कामाला तोटा नव्हता. माझं सगळं चांगलं झालं. हे लिहायला लाज वाटते, पण झालं.

आणि दादा? त्याने सुरुवातीला काही दिवस काम केलंच नाही. मग करायला लागला, पण बांधलेलं इंजिन तो परत उघडायचा. गिऱ्हाईक उभं असायचं, गाडी तयार असायची, आणि दादाच्या मनात यायचं, आत काही राहिलं तर नाही? पुन्हा कव्हर काढायचा. सगळं नीटच असायचं. पुन्हा लावायचा. एकदा एक टॅक्सीवाला गाडी घेऊन गेल्यावर दादा सायकलवरून त्याच्यामागे कल्याण नाक्यापर्यंत गेला, त्याला थांबवलं, बॉनेट उघडायला लावलं. टॅक्सीवाला मला सांगत होता — हसत सांगत होता, "उस्ताद का दिमाग हिल गया है, मधूभाई." मी त्याच्याबरोबर हसलो. तेही सांगून टाकतो. हसलो मी.

गिऱ्हाईकं गेली. गॅरेज गेलं. तो एका गोदामावर रखवालदार झाला. तिथेही कुलूप लावून घरी निघाला की अर्ध्या वाटेवरून परत जायचा, कुलूप ओढून बघायला. मी दर दिवाळीला जायचो, फराळ घेऊन, एकटाच. सुलभा यायची नाही. तिच्या माहेरी विष्णू हे नाव कुणी घेत नसे, आणि माझ्या घरातही नाही. त्याला काही दिलं तर तो घ्यायचा नाही. म्हणायचा, तुझ्या सासरचं मी खाऊ नये.

एकदा वहिनी दारापर्यंत पोचवायला आली आणि म्हणाली, "भावोजी, एक इचारू? झोपेत सारखं पत्ती पत्ती करत्यात. पत्ती म्हंजे काय वो?"

मी तिला सांगितलं. पत्ती म्हणजे काय, ती कशी असते, तिचा कान कसा वळवायचा, नाही वळवला तर काय होतं, सगळं नीट समजावून सांगितलं. ती पदराने डोळे पुसत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "येवढ्याशा गोष्टीपायी मानूस गेला माजा." तेव्हा दारात उभा होतो मी, चपला घातलेल्या. सांगायला किती शब्द लागले असते?

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा दादा अंथरुणाला खिळला. कावीळ झाली, मग यकृत गेलं म्हणाले — आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस. मी रोज जायला लागलो. तो फारसं बोलायचा नाही. एका दुपारी वहिनी औषध आणायला गेली होती. दादाने मला जवळ बोलावलं. म्हणाला, रंजनाचं पोर आता शाळेत असतं नाय रं. मोठ्या वर्गात.

मी त्याच्या उशाशी बसलो.

"त्यांनी मला माफ न्हाय केलं, त्यांचं बरोबर हाय," तो म्हणाला. "पन तू? तुझ्या लग्नालाबी डाग लागला माझ्यामुळं. तू तरी माफ केलंस का मला?"

आता तुम्हीच बघा. खोलीत आम्ही दोघंच. तो मरणार हे दोघांनाही माहीत. मला शेठची भीती नव्हती, शेठ दोन वर्षांपूर्वीच वारले होते. गॅरेज माझ्या नावावर होतं. मला काय गमवायचं होतं? काहीच नाही. आणि मी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "केलं, दादा. कवाच केलं."

त्याने डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवलं नाही, कारण ते समाधान होतं.

त्याला मुलगा नव्हता, म्हणून अग्नी मी दिला. सगळा खर्च, सगळे विधी, वहिनीची पुढची सोय, सगळं मी केलं. गावातली माणसं आली होती. एकाने दुसऱ्याला सांगितलेलं मी ऐकलं — एवढं होऊनही शेवटपर्यंत सांभाळलं, भाऊ असावा तर असा. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

अजूनही कुणी ना कुणी म्हणतं. अजूनही ऐकून घेतो.