आईला सांगितलेला गाण्याचा अर्थ

देवासच्या बसस्टँडवर ते गाणं लागलं की मी अजून मागे वळून बघतो. मागे कोणी नसतं.

जगातल्या एका मोठ्या गाण्यांच्या स्पर्धेत ते पहिलं आलं, तेव्हा मी देवासच्या शाळेत नुकताच शिक्षक झालो होतो. रविवारी धारला घरी गेलो, तर समोरच्या मोबाइलच्या दुकानात तेच वाजत होतं. दुकानदार म्हणाला, "भिया, पूरी दुनिया में फस्ट आया है." मी ते फोनमध्ये घेतलं आणि आईला ऐकवलं. शेवटी गाणारी बाई एकच ओळ पुन्हापुन्हा म्हणते आणि दर वेळी तिचा आवाज खाली जातो. पोहे निवडणारे आईचे हात थांबले.

"काय म्हणते रे ती?"

गाणं इंग्रजीत नव्हतं. भाषा कुठली, तेही मला माहीत नव्हतं. पण आईच्या लेखी परदेशातलं सगळं इंग्रजीच, आणि इंग्रजी मला येणारच. वडील देवळात पूजा करायचे. मी पदवीपर्यंत पोचावं म्हणून आईनं लोकांकडे पोळ्या लाटल्या होत्या. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. तिच्यासमोर 'येत नाही' म्हणायला माझी जीभ वळली नाही.

"म्हणते, आई, मी सुखात आहे. काळजी करू नकोस."

आईनं पोह्यांचं ताट बाजूला ठेवलं आणि दाराकडे बघितलं. आपण काय बोलून बसलो ते मला तेव्हा कळलं.

थोरल्या बहिणीनं, अक्कानं, सात वर्षांपूर्वी जातीबाहेर लग्न केलं होतं. त्या दिवशी वडिलांनी मला आणि आईला तिच्या नावानं आंघोळ करायला लावली, माणूस गेल्यावर करतात तशी. मग स्वतः केली. त्यानंतर वडिलांसमोर कोणी तिचं नाव घेतलं नाही. मला मात्र अंगावर पहिला तांब्या घेताना न्हाणीच्या दाराबाहेर कोणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं.

गाणं ऐकवल्यापासून दर रविवारी आई म्हणायची, "ते लाव. आणि सांग." एकदा मी 'चिंता' म्हणालो, तर तिनं दुरुस्त केलं, "मागे काळजी म्हणाला होतास." वडील पेपराआडून म्हणायचे, "बी.ए. झाला आणि बायकांची गाणी सांगत बसलाय." पण उठून जायचे नाहीत.

पूर्वी सणावारी आई मला स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हणायची, "तिचा पत्ता काढ ना रे." गाण्यानंतर तिनं ते म्हणणं सोडलं. वडिलांच्या धाकानं मी टाळतच होतो. मला सुटल्यासारखं झालं.

त्या हिवाळ्यात आई अचानक गेली.

अक्काचा नंबर मला दोन फोन केल्यावर मिळाला. एवढंच काम होतं ते. ती उदयनगरला एका वसतिगृहात स्वयंपाक करत होती. नवरा सोडून गेल्याला तीन वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी ती आली. वडील "आत ये" म्हणाले आणि भिंतीकडे बघत राहिले. ती आधी न्हाणीत गेली. आईच्या नावानं तिनं अंगावर घेतलेलं पाणी आम्हाला बाहेर ऐकू येत होतं.

केस पुसत ती माझ्याजवळ बसली. "आई कधी विचारायची का रे माझं?"

"विचारायची."

"मग?"

तेवढ्यात समोरच्या दुकानात ते गाणं लागलं. अक्कानं मान कलती केली, आई करायची तशीच. शेवटची ओळ आली.

"काय म्हणते रे ती? तुला येत असेल."

"नाही येत," मी म्हणालो. "आईलाही मी खोटंच सांगितलं."

"काय सांगितलंस?"

मी सांगितलं. आईला सांगायचो त्याच शब्दांत. वडिलांनी भिंतीवरची नजर काढली नाही.

अक्काचा हात केसांतच थांबला.

"परत सांग," ती म्हणाली.