न धुतलेला पंप

रविवारी शेवंतीवर करप्याचं औषध मारलं, तेव्हा मी पंप धुवून घेतला नाही. पंप शेजारच्या आप्पांकडून मागून आणलेला. झाकण उघडल्यावर उग्र वास आला, पण मला वाटलं, औषधाचा पंप म्हटल्यावर वास यायचाच. पाऊस सरला होता, थंडी तोंडावर होती, कळ्या धरायच्या आत एक हात फवारणी व्हायला हवी, एवढंच डोक्यात. रांजणगावला कंपनीत मी क्वालिटीला आहे. म्हणजे दुसऱ्यांनी जे तपासलं नाही, ते तपासायचा पगार घेतो.

पंप परत करायला गेलो तर आप्पा म्हणाले, "आधी धुतला व्हता नव्हं? परवा उसातलं तण मारलंय त्यानं."

"व्हय, धुतला की," म्हणालो, आन् घराकडं जवळजवळ पळतच सुटलो.

ही शेवंती बायकोच्या माहेरची, यवतची. तिथलं रान विकलं गेलं, आता त्यावर धाबा उभा आहे. शेवटच्या वेळी तिनं बुडाशी फुटलेली रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून शिरूरला आणली. ते वाण आता आमच्या दाराशिवाय कुठं नाही.

मी पाइप लावून पानं धुवायला लागलो. ही दारात आली.

"आत्ताच म्हणालात ना, औषध मारल्यावर दोन दिवस पाणी पडू द्यायचं नाही?"

"धूळ फार बसलीय."

ती आत गेली.

त्यानंतर माझं बूड एका जागी टिकेना. सकाळी कंपनीची बस हॉर्न मारायची, तरी मी शेंड्यांपुढं उकिडवाच. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर पानांचे फोटो मोठे करकरून बघायचो. हे काल असंच होतं का? जरा वाकलंय का? शेजारी बसलेल्यानं डोकावून विचारलं, "काय ओ, रिजेक्शन आलंय का?"

बुधवारी शंका उरली नाही. कोवळे शेंडे पिळल्यासारखे वळले होते.

संध्याकाळी बायकोला समोर बसवून सगळं सांगितलं. पंपाचं, आप्पांशी बोललेल्या खोट्याचं, धुळीचंही. सांगेस्तोवर चहावर साय धरली.

ती म्हणाली, "शेवटच्या चार रोपांना तुमचं औषध पुरलंच नव्हतं. तुम्ही धूळ म्हणालात तेव्हाच काहीतरी चुकल्याचं कळलं, म्हणून ती मी सोमवारीच काढून मागच्या दारी लावलीत; रिकामी जागासुद्धा दिसली नाही तुम्हाला. आता फुलं येईस्तोवर तुम्ही तिकडं फिरकायचं न्हाई."