विचुंब्याची लाकडी जमीन आणि माझा संताप

पनवेलला फिरायला कोणी जात नाही, हे मलाही माहीत आहे. मी गेले ती ताईच्या माडीला लाकडी जमीन घालायला, आणि परत आले ती डोक्यात राख घालून.

ताई, माझी मोठी बहीण, पनवेलजवळच्या विचुंब्यात दिलेली. तिला वरच्या खोलीत शिवणक्लास काढायचा होता. कित्येक वर्षं तिचं मशीन जिन्याखाली धूळ खात पडलंय. घराच्या भिंती जुन्या, स्लॅबचं वजन पेलणार नाहीत. माझं साताऱ्यात फर्निचरचं दुकान. म्हटलं, मी येते. दाजींना मात्र ती खोली सामान ठेवायला हवी होती. "लाकूड नाय टिकत इकडं," हे त्यांचं पालुपद.

साताऱ्याहून मुंबईची एसटी धरा, कळंबोलीला उतरा. तिथे ट्रेलरच्या गर्दीतून वाट काढत रस्ता ओलांडायचा म्हणजे जीव मुठीत. पुढे रिक्षा. भाडं आधी ठरवा. मी ठरवलं नाही आणि सहलीची सुरुवातच भांडणाने झाली. जेवणाला मात्र नाव ठेवणार नाही. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी मी रोज मागून खाल्ली.

या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाकडी कड्या, म्हणजे आडवे वासे, आधीच बसवलेल्या होत्या. त्यांवर ताईने आणि मी फळ्या ठोकल्या. तुम्ही करणार असाल तर दोन फळ्यांचा जोड कडीवरच आणा, अधांतरी नको. आणि चारी भिंतींपाशी बोटभर फट सोडा, कारण ओलाव्याने लाकूड फुगतं. हे मी दाजींना दहादा सांगितलं होतं.

फट झाकायची पट्टी आणायला पनवेलच्या बाजारात गेले. येऊन बघते तर सगळी फट सिमेंटने भरलेली!

"मुंग्या येतात," दाजी म्हणाले. "आणि उद्या पूजा हाय. पाहुण्यांसमोर तमाशा नको."

मी भडकले. ताई पूजेची भांडी घासायला बसली. तिच्या त्या भांडी घासण्याचाही मला राग आला.

सकाळी वरून पाण्याचा आवाज. ताईची जाऊ बादल्या ओतून खराट्याने माडी धूत होती.

"अहो वहिनी, लाकूड आहे ते!"

"नवीन जागा हाय ना? आमी धुतल्याशिवाय पूजेला नाय बसत."

तिला काय बोलणार? आयुष्यभर फरशीच धुतलेली बाई. पण दाजी जिन्यात उभे राहून बघत होते. सगळं माहीत असून!

पूजा झाली, शिरा वाटला. दुसऱ्या दिवशी फळ्या मधोमध फुगून वर आल्या होत्या.

"बोललो व्हतो ना? आता सामानच ठेवू," दाजी म्हणाले. त्यांच्या आवाजातला आनंद मला अजून टोचतो. फळ्या सुकेपर्यंत दुकान बंद ठेवणं मला शक्य नव्हतं. निघाले. वाटेत फूडमॉलचा चहा घेतला, तोही पाणचट.

घरी येऊन हे लिहायला बसले की नुसत्या शिव्याच सुचत होत्या. काल ताईचा फोन आला. तिने छिन्नीने सगळं सिमेंट फोडलंय, फळ्या उचलून अंगणात सुकवल्यात आणि खोलीला स्वतःचं कुलूप लावलंय. मी लगेच सुरू झाले, दाजी असे आणि दाजी तसे.

"तू ओरडू नको गं," ताई म्हणाली. "हातोडी हातात हाय माझ्या. बोटभर फट म्हणजे तुझं बोट की माझं, तेवढं सांग."